वैद्यकीय निष्काळजीपणा : भरपाईचा हक्क आणि तो मागण्याची रीत

१४ मे २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका रुग्णाला १ कोटी रुपयांची नुकसानभरपाई मंजूर केली. तोपर्यंत भारतात वैद्यकीय निष्काळजीपणाच्या प्रकरणात एवढी मोठी रक्कम मंजूर झालेली नव्हती. हा रुग्ण म्हणजे बेंगळुरूमध्ये संगणक क्षेत्रात नोकरी करणारे अभियंता प्रशांत धनंका. चाकांच्या खुर्चीत बसून त्यांनी देशाच्या सर्वोच्च न्यायासनापुढे आपली बाजू स्वतःच मांडली. ज्या शस्त्रक्रियेने त्यांना त्या खुर्चीत बसवले होते, ती १९९० च्या ऑक्टोबरमध्ये झाली होती. निकाल लागेपर्यंत अठरा वर्षांहून अधिक काळ लोटला.

उपचारासाठी बेंगळुरूची वाट धरणाऱ्यांत बेळगाव आणि सीमाभागातील, तसेच दक्षिण महाराष्ट्रातील मराठी कुटुंबांचाही समावेश असतो. नोकरीनिमित्त तेथे स्थायिक झालेल्या मराठी तरुणांचे आई-वडीलही आजारपणात त्याच शहरातील रुग्णालये गाठतात. बहुतेकांना चांगले उपचार मिळतात. परंतु ज्यांच्या बाबतीत अघटित घडते, त्यांच्यापुढे परके शहर, परकी भाषा आणि अपरिचित कायदा अशा तिहेरी अडचणी उभ्या राहतात. अशा वेळी दाद कोठे मागावी, काय सिद्ध करावे लागते आणि मुदत किती असते, याची माहिती येथे दिली आहे.

धनंका प्रकरण

धनंका हे त्या वेळी वीस वर्षांचे, अभियांत्रिकीचे विद्यार्थी होते. वारंवार येणाऱ्या तापाच्या तपासणीत त्यांच्या छातीत गाठ असल्याचे दिसून आले. हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस या संस्थेत त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. गाठ कर्करोगाची नव्हती. मात्र शुद्धीवर आल्यावर त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडल्याचे आढळले.

राष्ट्रीय ग्राहक आयोगाने १९९९ मध्ये त्यांना साडेपंधरा लाख रुपये मंजूर केले. ही रक्कम अपुरी आहे असे रुग्णाचे म्हणणे होते, तर आपला दोषच नाही असे रुग्णालयाचे. दोन्ही अपिले सर्वोच्च न्यायालयापुढे आली. न्यायालयाने तीन गोष्टी महत्त्वाच्या मानल्या. शस्त्रक्रियेपूर्वी आवश्यक त्या तपासण्या झालेल्या नव्हत्या. गाठ मज्जारज्जूच्या निकट असण्याची शक्यता असतानाही मज्जासंस्थेच्या शल्यतज्ज्ञाला शस्त्रक्रियेत सहभागी करून घेतलेले नव्हते. आणि रुग्णाची संमती केवळ तपासणीसाठी गाठीचा अंश काढण्यापुरती घेतली असताना प्रत्यक्षात संपूर्ण गाठच काढण्यात आली होती.

भरपाई ठरविताना न्यायालयाने परिचारिका, वाहनचालक, भौतिकोपचार, औषधे, बुडालेले उत्पन्न आणि सोसलेल्या यातना अशा प्रत्येक बाबीचा पुढील आयुष्याच्या हिशेबाने विचार केला. रुग्णाची अवास्तव मागणी आणि काहीच देणे लागत नाही हा रुग्णालयाचा पवित्रा, यांमध्ये समतोल साधणे हे न्यायालयाचे काम आहे, हे सूत्र त्यामागे होते. भरपाई ही डॉक्टरला दिलेली शिक्षा नसते. मोडलेले आयुष्य पुढे चालविण्यासाठी जे लागते, त्याची ती तरतूद असते. या विषयातील बहुतेक गैरसमज हा फरक ध्यानात न घेतल्याने होतात.

निष्काळजीपणा कशाला म्हणतात

उपचारांना यश आले नाही किंवा रुग्ण दगावला, एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. त्या शाखेतील सर्वसाधारण कौशल्य असलेल्या डॉक्टरने त्या परिस्थितीत जी वाजवी काळजी घेतली असती, ती घेतली गेली की नाही, ही कायद्याची कसोटी आहे. दोन मान्य उपचारपद्धतींपैकी डॉक्टरने एक निवडली आणि ती फळली नाही, तर तो दोष ठरत नाही. निदानातील प्रत्येक चूकही निष्काळजीपणात मोडत नाही.

या कायद्याची भारतातील पायाभरणी एका मराठी कुटुंबाच्या दाव्याने झाली, ही बाब उल्लेखनीय आहे. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर झालेल्या अपघातात एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्यातील एका शल्यविशारदाकडे नेण्यात आले. तेथे योग्य भूल न देता, जोर लावून हाड बसविण्यात आले आणि त्याच दिवशी त्या तरुणाचा मृत्यू झाला. त्याचे वडील स्वतः डॉक्टर होते. त्यांनी दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे १९६८ मध्ये त्यांना मिळालेली ३ हजार रुपयांची भरपाई कायम झाली. रक्कम लहान होती. तत्त्व मात्र मोठे होते. रुग्ण स्वीकारावा की नाही, कोणता उपचार करावा आणि तो उपचार कसा करावा, या तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरवर काळजी घेण्याचे कर्तव्य असते, असे न्यायालयाने या निकालात सांगितले. गोडबोले प्रकरण या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या निकालाचा आधार आजही घेतला जातो.

काही चुका स्वतःच बोलतात. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील शासकीय रुग्णालयात १९६३ मध्ये कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेनंतर एका महिलेच्या पोटात टॉवेल राहिला आणि तिचा मृत्यू झाला. अशा प्रकरणात चूक नेमकी कोणत्या कर्मचाऱ्याच्या हातून झाली, हे सिद्ध करण्याची गरज नसल्याचे आणि भरपाईची जबाबदारी शासनावर असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले.

संमतीचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. २००८ च्या समीरा कोहली निकालानुसार, एका तपासणीसाठी दिलेली संमती ही पुढील शस्त्रक्रियेची संमती मानता येत नाही. जिवाला तातडीचा धोका असेल, तरच त्याला अपवाद करता येतो. रुग्ण सज्ञान आणि निर्णय घेण्यास सक्षम असेल, तर नातेवाइकाने दिलेली संमती त्याच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही.

दाद मागण्याचे मार्ग

पहिला आणि सर्वाधिक वापरला जाणारा मार्ग ग्राहक आयोगाचा आहे. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९९५ रोजी इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या प्रकरणात दिला. २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये अमलात आला, त्यानंतर आरोग्यसेवा वगळली गेली असल्याचा युक्तिवाद करण्यात आला. तो मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये फेटाळला.

ज्या रुग्णालयात कोणाकडूनच शुल्क घेतले जात नाही, तेथील सेवा मात्र या कायद्याखाली येत नाही. काही रुग्णांकडून शुल्क आणि काहींना मोफत, अशी व्यवस्था असेल, तर मोफत उपचार घेणाऱ्यालाही ग्राहक म्हणून तक्रार करता येते. संपूर्णतः मोफत शासकीय सेवेबाबत दिवाणी न्यायालयात दावा किंवा उच्च न्यायालयात याचिका हे मार्ग खुले असतात.

दुसरा मार्ग राज्य वैद्यकीय परिषदेचा. डॉक्टरची नोंदणी ज्या परिषदेकडे असेल, तिच्याकडे तक्रार करावी लागते. बेंगळुरूतील डॉक्टरांच्या बाबतीत ही संस्था सामान्यतः कर्नाटक वैद्यकीय परिषद असते. परिषद ताकीद देऊ शकते किंवा डॉक्टरचे नाव नोंदणीतून ठरावीक काळासाठी अथवा कायमचे काढू शकते. तिला भरपाई देण्याचा अधिकार नाही. तथापि तिचा निष्कर्ष भरपाईच्या दाव्यात उपयोगी पडू शकतो.

तिसरा मार्ग कर्नाटकापुरता आहे. राज्याचा २००७ चा खासगी वैद्यकीय आस्थापना कायदा २०१७ मध्ये दुरुस्त करण्यात आला. या दुरुस्तीच्या विरोधात त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये राज्यातील खासगी डॉक्टरांनी सेवा बंद ठेवल्या होत्या. बेळगावच्या अधिवेशनात विधेयक सौम्य स्वरूपात संमत झाले. या दुरुस्तीने कायद्यात रुग्णहक्कांची सनद आली आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा नोंदणी व तक्रार निवारण प्राधिकरणाची तरतूद झाली. बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवण्यासही या कायद्याने मनाई आहे.

चौथा मार्ग फौजदारी तक्रारीचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार, वैद्यकीय प्रक्रिया करीत असताना नोंदणीकृत डॉक्टरच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंडाची तरतूद आहे. मात्र फौजदारी दोषासाठी निष्काळजीपणा अत्यंत गंभीर स्वरूपाचा असावा लागतो. अन्य तज्ज्ञ डॉक्टरच्या विश्वासार्ह मताशिवाय खासगी तक्रार दाखल करून घेऊ नये आणि सरसकट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात बजावले आहे. ज्यांचा हेतू भरपाई मिळविणे हा आहे, त्यांचे काम या मार्गाने होत नाही.

उपचार बेंगळुरूत, तक्रार घराजवळ

बाहेरगावच्या रुग्णांसाठी २०१९ च्या कायद्यातील एक तरतूद विशेष मोलाची आहे. पूर्वी विरुद्ध पक्षाचे ठिकाण किंवा घटना घडली ते ठिकाण, यांच्याशी संबंधित आयोगाकडेच जावे लागे. आता तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी करतो, तेथील आयोगाकडेही तक्रार दाखल करता येते. बेंगळुरूच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झालेला कोल्हापूरचा रुग्ण कोल्हापूर जिल्हा आयोगाकडे, तर बेळगावचा रुग्ण बेळगाव जिल्हा आयोगाकडे जाऊ शकतो. सुनावणीला दूरदृश्य प्रणालीद्वारे उपस्थित राहण्याची परवानगी मागण्याचीही कायद्यात सोय आहे.

कोणत्या पातळीवरील आयोगाकडे जावे, हे मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर सेवेसाठी मोजलेल्या रकमेवर ठरते. डिसेंबर २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार ५० लाख रुपयांपर्यंत जिल्हा आयोग, ५० लाखांच्या वर २ कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्यापुढे राष्ट्रीय आयोग, अशी विभागणी आहे. रुग्णालयाचे बिल ६ लाखांचे आणि मागणी ८० लाखांची असेल, तरी तक्रार जिल्हा आयोगाकडेच जाईल. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास तक्रारीसाठी शुल्क नाही. ५ ते १० लाखांसाठी ते २०० रुपये आहे. वकील नेमणे बंधनकारक नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या ई-दाखिल व्यवस्थेने घरबसल्या तक्रार दाखल करण्याची सोय केली. जानेवारी २०२५ पासून ई-जागृती ही एकत्रित व्यवस्था कार्यान्वित झाली आहे.

दोन वर्षांची मुदत

तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत आयोगाकडे जाणे आवश्यक आहे. सबळ कारण दाखविल्यास उशीर माफ होऊ शकतो. पण त्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे. गोव्यातील एका परिचारिकेवर १९९३ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली होती. २००२ मध्ये दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळी तिच्या पोटात गॉज आढळला आणि २००४ मध्ये तिने तक्रार केली. इतकी वर्षे वेदना होत असताना तिने वेळीच शोध घ्यायला हवा होता, विशेषतः ती स्वतः या क्षेत्रात काम करीत असल्याने, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तिची तक्रार मुदतबाह्य ठरविली. शस्त्रक्रियेनंतरचा त्रास हटत नसेल, तर दुसऱ्या डॉक्टरकडून लवकर तपासणी करून घेणे प्रकृतीच्या आणि कायद्याच्या, दोन्ही दृष्टींनी हिताचे असते.

कागदपत्रे हाच कणा

अशा दाव्यांचा निकाल बहुतांशी कागदांवर लागतो. वैद्यकीय व्यावसायिकांच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जतन करणे आणि रुग्णाने अथवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यावर ७२ तासांत देणे बंधनकारक आहे. म्हणून मागणी लेखी करावी आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. पुढील कागदपत्रे विशेष महत्त्वाची ठरतात :

• डॉक्टरांच्या आणि परिचारिकांच्या दैनंदिन नोंदींसह संपूर्ण केसपेपर
• शस्त्रक्रियेची आणि भूल देण्याच्या प्रक्रियेची टिपणे
• सही केलेली सर्व संमतीपत्रे
• तपासण्यांचे अहवाल आणि क्ष-किरण, सीटी किंवा एमआरआय चित्रे
• औषधांच्या चिठ्ठ्या, बिले आणि पावत्या
• डिस्चार्ज कार्ड. मृत्यू झाला असल्यास मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र

मृत्यूच्या कारणाविषयी शंका असल्यास शवविच्छेदनाची मागणी त्याच वेळी करावी. दुःखाच्या त्या प्रसंगी हा निर्णय कठीण असतो. पण अंत्यसंस्कारानंतर तो पुरावा पुन्हा मिळत नाही. कन्नडमधील कागदपत्रे महाराष्ट्रातील आयोगापुढे सादर करताना त्यांचे भाषांतर जोडावे.

निष्काळजीपणा सिद्ध करण्याची प्राथमिक जबाबदारी तक्रारदारावर असते. त्याने ती पार पाडली, की योग्य काळजी घेतली होती हे दाखविण्याचे ओझे रुग्णालयावर येते, असे २००४ च्या सविता गर्ग निकालात म्हटले आहे. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचे मत अनिवार्य नाही, हे २०१० च्या व्ही. किशन राव निकालाने स्पष्ट केले. तरीही निदान किंवा शस्त्रक्रियेतील बारकाव्यांचा प्रश्न असेल, तेथे स्वतंत्र तज्ज्ञाचे लेखी मत घेतल्याने तक्रारीला बळ येते. असे मत घेण्याचा आणखी एक लाभ आहे. जे घडले ते अटळ होते, असा निर्वाळा एखादा तटस्थ डॉक्टर देतो, तेव्हा अनेक वर्षांचा मनस्ताप आणि खर्च वाचतो.

कार्यवाहीचा क्रम

प्रथम रुग्णालयाच्या व्यवस्थापनाकडे लेखी खुलासा मागावा. उत्तर समाधानकारक नसल्यास घटनाक्रम, आक्षेप आणि मागणी नमूद करून नोटीस पाठवावी. त्यानंतर शपथपत्र आणि कागदपत्रांसह आयोगाकडे तक्रार दाखल करावी. भरपाईची मागणी एका ठोक आकड्यात न करता झालेला खर्च, पुढील उपचारांचा खर्च, बुडालेले उत्पन्न, देखभाल आणि यातना अशी बाबवार मांडावी. नोटीस मिळाल्यापासून विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस आणि आयोगाच्या परवानगीने आणखी १५ दिवस मिळतात. त्यापुढे मुदतवाढ देता येत नाही, असे घटनापीठाने २०२० मध्ये ठरविले आहे.

नव्या कायद्यात मध्यस्थीची सोय असली, तरी मृत्यू किंवा गंभीर इजा झालेली वैद्यकीय प्रकरणे नियमांनी मध्यस्थीतून वगळली आहेत. जिल्हा आयोगाच्या निकालावर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. ज्याला रक्कम देण्याचा आदेश झाला आहे, त्याला अपिलासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते.

विलंबाची किंमत

कायद्यात तक्रार तीन महिन्यांत निकाली काढण्याची अपेक्षा आहे. वर उल्लेखिलेली प्रकरणे मात्र वेगळेच सांगतात. पालशेतच्या तरुणाच्या वडिलांना पंधरा वर्षे लागली, औरंगाबादच्या महिलेच्या कुटुंबाला तेहतीस वर्षे. कोलकात्यातील उपचारांनंतर पत्नी गमावलेल्या डॉ. कुणाल साहा यांना २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ६ कोटी रुपये आणि त्यावर व्याज मंजूर केले. हे प्रकरण १९९८ मधील मृत्यूपासून सुरू झाले होते.

हे आकडे वाचून दाद मागणे व्यर्थ आहे असा निष्कर्ष काढणे योग्य ठरणार नाही. या प्रत्येक प्रकरणाने पुढील रुग्णाची वाट थोडी सोपी केली. ग्राहक म्हणून उभे राहण्याचा हक्क, संमतीचा अर्थ, रुग्णालयावर येणारे पुराव्याचे ओझे आणि घराजवळ तक्रार करण्याची मुभा, या गोष्टी आज हाताशी आहेत. त्यांचा लाभ घेण्यासाठी रुग्णाच्या कुटुंबाने सुरुवातीच्या दिवसांतच दोन गोष्टी कराव्यात. संतापाच्या भरात रुग्णालयात वादावादी किंवा मोडतोड करू नये. डॉक्टरांवरील हल्ला हा गुन्हा आहे आणि त्याने मूळ तक्रार दुबळी होते. आणि केसपेपरची मागणी त्याच आठवड्यात, लेखी स्वरूपात करावी.